रानजोगिणीचा चेहरा

आमच्या गावात पुस्तक वाचणारी माणसं थोडी, आणि एकच पुस्तक वर्षानुवर्षं वाचणारा माणूस एकटाच. सावळेराम त्याचं नाव. नारायणगावच्या बाजारात तो टोमॅटोची खोकी भरायचा. एकदा रद्दीच्या दुकानातून त्यानं पाच भागांची एक कादंबरी आणली. तिच्यात बोलणारे डोंगर होते, पाण्याखाली वसलेलं नगर होतं आणि हाक मारून वारा थांबवणारी एक रानजोगीण होती. त्या काळी तालुक्याच्या वाचनालयात लोक या कादंबरीसाठी नंबर लावायचे.

त्याच्या बायकोला, बयाबाईला, अक्षर येत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. दिवेलागणीला ती भाकरी थापायची आणि तो चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचायचा. गोष्टीत भय आलं की तिच्या हाताची थाप आपोआप हळू व्हायची. रानजोगिणीचं रूप लेखकानं एका ओळीत सांगून टाकलं होतं: सावळी, रुंद कपाळाची, चालताना डावा खांदा उतरता. पाण्याचे हंडे वाहून बयाबाईचाही खांदा तसाच झाला होता. ती ओळ ऐकली आणि पीठ लागलेला हात तसाच धरून ती म्हणाली, "अवो, ही तर मीच हाय की."

तेव्हापासून त्याच्या वाचनात रानजोगीण आली की बयाबाईच यायची.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात बयाबाई तापानं गेली. तिचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला आणायची तेव्हा आमच्याकडं रीत नव्हती. सावळेराम लोकांसमोर रडला नाही. संध्याकाळी भाकरी करून तो पुस्तक उघडायचा, आणि बयाबाई डोंगर उतरून यायची, वाऱ्याला हाक मारायची, परत जायची. घर रिकामं होतं, पण तो रिकामा नव्हता. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

मग चार वर्षांनी त्या कादंबरीवर हिंदीत मालिका निघाली. रविवारी सकाळी सारी आळी शेजारच्या धर्माजीच्या ओसरीवर टीव्हीपुढं जमायची. पहिल्या रविवारी सावळेराम धुतलेला सदरा घालून सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. लग्नाला जावं तसा गेला होता तो.

डोंगर कापडावर रंगवलेले होते. घुबड उडालं तेव्हा त्याची दोरी दिसली. पाण्याखालचं नगर म्हणजे निळ्या काचेमागं ठेवलेला पुठ्ठा. हे सगळं त्यानं सोसलं. मग रानजोगीण आली. गोरीपान, कोरलेल्या भुवया, ओठाला लाली, दोन्ही खांदे ताठ. सावळेराम म्हणाला, ही ती नव्हं. कुणी ऐकलं नाही, म्हणून मोठ्यानं म्हणाला. बाया हसल्या. धर्माजी म्हणाला, "आता टीव्हीवर काळी बाई कोण बगल, राव? तुमाला न्हाई पटत तर मुंबईला जाऊन सांगून या."

तो मुंबईला गेला नाही, पण ओसरीवर जायचंही त्यानं सोडलं नाही. दर रविवारी जाऊन चुका सांगायचा. पुस्तकात असं नाही, तिनं इथं हसायला नको, ही चाल तिची नाही. लोकांना ती करमणूक झाली. मालिकेपेक्षा सावळेरामच लई भारी, असं पोरं म्हणायची. चुका पकडायच्या म्हणून तो त्या बाईकडं डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. तिथंच त्याचं चुकलं.

पावसाळा संपला तशी मालिकाही संपली. सुटलो म्हणून त्यानं संध्याकाळी पुस्तक उघडलं. रानजोगीण डोंगर उतरून आली, तर तीच गोरी बाई. पुस्तक मिटून नुसते डोळे बंद केले, तरी तीच. बयाबाईचा हात आठवला, बांगड्या आठवल्या, खोकला आठवला. तोंड आठवेना.

तो पायी पिंपरी पेंढारला गेला. तिथं बयाबाईची धाकटी बहीण सोनीबाई दिली होती. तिचा तोंडावळा बापाचा, त्यातून काही हाती लागण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यानं विचारलं, तुझी आक्का दिसायला कशी होती ते सांग. सोनीबाईला बिचारीला वाटलं, दाजींना बरं वाटेल असं सांगावं.

"आक्का ना दाजी? आता त्या मालिकेत रानजोगीण नव्हती का, अगदी तशी. फकस्त रंगानं सावळी."

तो चहा पिऊन उठला. उठताना सोनीबाई म्हणाली की आक्काचा टाक अजून केला नाही, तो करा. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची मूर्त चांदीच्या पत्र्यावर उठवून देव्हाऱ्यात ठेवायची, ही आमच्या घरांची रीत. तोच टाक. सावळेरामनं तो टाळला होता; पुस्तकात बयाबाई चालती-बोलती असताना पत्र्यावरची कशाला?

दुसऱ्या दिवशी तो जुन्नरला सोनाराकडं गेला. सोनारानं पितळी ठसा पुढं ठेवला. त्यात उभी बाई, बटबटीत डोळे, नाकात नथ. ही तिच्यासारखी नाही, असं सावळेराम म्हणाला तेव्हा सोनार हसला.

"बाईचा ठसा एकच असतो, भाऊ. सगळ्यांच्या बाया ह्यातच बसत्यात."

पण माणूस हटत नाही हे बघून त्यानं कोरणी हातात घेतली. तोंड हातानं कोरून देतो, म्हणाला, पण कशी व्हती ते सांगा.

सावळेरामनं सांगायला तोंड उघडलं. भुवया, असं म्हणाला आणि थांबला. कोरलेल्या भुवया डोळ्यांपुढं आल्या होत्या. सोनार कोरणी धरून वाट बघत राहिला. मग सावळेराम हळू म्हणाला, "अंग ठशातलं घ्या. तोंड तेवढं कोरू नका. सपाट ऱ्हाऊ द्या."

तो टाक मी पाहिला आहे. अंगावर लुगड्याच्या निऱ्या आहेत, हात जोडलेले आहेत, आणि तोंडाच्या जागी नुसती गुळगुळीत चांदी. सावळेराम रोज सकाळी तो चिंचेनं घासतो, पुसतो आणि हातात धरून बराच वेळ बघत बसतो. मी एकदा विचारलं, येते का रे ती? त्यानं मान हलवली. नाही येत. पण तिथं ती दुसरीही येत नाही, म्हणाला, आणि टाक देव्हाऱ्यात ठेवून कामावर गेला.