मामांच्या मायेनं माझं जाहिरातीचं खातं बंद पडलं

मंडळी, आज डोकं लई फिरलंय.

वळसंगहून परत येताना भजी खायला थांबलो. भजी काय होती म्हणून सांगू! पण ते जाऊ द्या. तेवढ्यात मेल आला. माझ्या भटकंतीच्या ब्लॉगवर जाहिराती लावणाऱ्या कंपनीनं माझं खातं कायमचं बंद केलं. कारण काय, तर खोटे क्लिक, म्हणजे कमाई वाढवायला मुद्दाम दाबलेल्या जाहिराती.

ब्लॉगवर पोट भरलं तर ठीक, नाहीतर मागावर कापड विणायला बसायचं, असं बाबांशी ठरलेलं.

मामा माझा ब्लॉग रोज उघडतात, म्हणून शंका आली नि त्यांना फोन लावला. ते एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत.

"मामा, तुमी माझ्या ब्लॉगवरची जाहिरात दाबता का?"

"व्हय की! मी एकटा न्हाय, आमची सगळी पाळी दाबतीया. चहाच्या सुट्टीत आधी तुझं काम, मग चहा."

मी कंपनीला लिहिलं, माणसं खरी आहेत, माझीच आहेत, त्यांना नियम माहीत नव्हता. क्षणात उत्तर आलं: निर्णय अंतिम आहे. खाली कुणाचं नाव नाही. माझ्या फोटोंवर कर्जाच्या नि केसांच्या तेलाच्या जाहिराती चिकटवताना यांना मी चालत होतो. आता बाजू मांडायला समोर माणूसच नाही.

मघाशी फोन ठेवताना मामा म्हणाले, "का रं, कमी पडतंय का? रातपाळीलाबी सांगू?"

मी नुसतं "नको" म्हणालो. खरं सांगायला जीभ रेटली नाही.

तुम्ही असता तर सांगितलं असतं?