घोड्यावरचे राजे आणि वहिनींचा फ्लेक्स

दिवाळीनंतरची रजा पडून होती आणि ती महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्ये घालवायची माझी मुळीच इच्छा नव्हती. विम्याच्या ऑफिसात इतकी वर्षं काढून मला दोनच छंद जडलेत: डबा खाताना वाद घालणं आणि सुट्टी मिळाली की जुनी चित्रं बघत हिंडणं. साताऱ्याजवळ एका जुन्या जहागीरदार घराण्याकडे पूर्वजांची मोठमोठी तैलचित्रं आहेत, आधी फोन केला तर घरातले लोक दाखवतात, असं कळलं. मग ठरलंच. साताऱ्यात चित्रं, पुढे आष्ट्याजवळ मामाच्या गावी मुक्काम, आणि सांगलीहून भडंग घेऊन परत. नवरा म्हणाला, मेलेल्या राजांसाठी एवढं डिझेल जाळणार? मी म्हटलं, मग बस घरी. तो खरंच बसला.

पुण्याहून निघायचं तर सकाळी लवकर निघा. खंबाटकीला ट्रकांच्या मागे अडकलात की वाईचा फाटा येईपर्यंत डोकं उठतं. फास्टॅग भरलेला ठेवा, नाश्ता साताऱ्यात करा, आणि कंदी पेढे परतीला घेऊ असं म्हणू नका, कारण परतीला कंटाळा येतो. मी जाताना घेतले आणि कराडपर्यंत निम्मे संपवले.

साताऱ्याच्या स्टँडवर रंजनावहिनी उभ्या होत्या. संपतदादा माझा मामेभाऊ, त्याची ही बायको. माहेर वाईचं. भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या, आता एसटीनं साताऱ्यापर्यंत आल्या आणि पुढे माझ्या गाडीतून गावी येणार होत्या. वहिनी गावच्या सरपंच. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून भावकीनं त्यांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. मग या बाईनं टाकीपासून वरच्या आळीपर्यंत पाण्याची लाइन नेली. आता जागा खुली झालीय. भावकी म्हणते, झाली की हौस, आता दादाला उभा राहू दे. वहिनी म्हणतात, मीच उभी राहणार. बरीच धुसफूस होऊन दादा कबूल झाला, पण प्रचार मी बघणार या अटीवर. हे सगळं त्यांनी मला चहा संपायच्या आत सांगितलं. प्रचाराचं काय बघतोय, ते मात्र त्यांनाही धड माहीत नव्हतं.

चित्रांचं घर कोरेगाव रस्त्याला आतल्या बाजूला आहे. घराण्याचं नाव लिहीत नाही. वंशज हयात आहेत आणि मला वाद फक्त डब्याच्या वेळेला आवडतात. तिकीट नाही, चपला बाहेर, फ्लॅश मारायचा नाही. घरातल्या थोरल्या सूनबाई, वय सत्तरीच्या पुढचं, सगळे त्यांना काकूसाहेब म्हणतात, त्यांनी स्वतः दिवाणखाना उघडला.

समोरच्या भिंतीवर आख्खा घोडा. पांढराशुभ्र, पुढचे पाय हवेत. त्यावर राजेसाहेब, हातात नंगी तलवार, मागे किल्ला, आभाळात ढग पेटलेले. चित्र इतकं उंच टांगलंय की मान मागे टाकल्याशिवाय चेहरा दिसत नाही. मला वाटलं, भिंत कमी पडली असेल. काकूसाहेब म्हणाल्या, नाही हो, मुद्दामच तसं लावलंय, येणाऱ्यानं वरच बघायला पाहिजे.

मग त्यांनी पानाला चुना लावावा इतक्या सहज एकेक गोष्ट सांगितली. राजेसाहेब घोड्याला घाबरायचे. पोत्यांच्या थप्पीवर खोगीर टाकून त्यांना बसवलं आणि घोडा दुसऱ्या कुठल्यातरी चित्रातून उचलला. लढाई त्यांनी बघितलीच नव्हती. इंग्रजांनी पदरची शिबंदी, म्हणजे फौज, मोडली, न्यायनिवाडा काढून घेतला, तोफा सलामीपुरत्या ठेवल्या, त्याच सुमारास हे चित्र निघालं. त्याचे छापील नमुने करून प्रत्येक गावच्या चावडीत आणि शाळेत लावायला धाडले. पाटलानं रोज हार घालायचा. म्हणजे हातातली सत्ता गेली तसतशी भिंतीवरची तलवार वाढत गेली. मी पुष्कळ चित्रं बघितलीत, रंग, सावल्या, दागिन्यांवरची चमक यांचं कौतुक करत आलेय. हे चित्र म्हणजे सरळसरळ नोटीस आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मालक मीच आहे, असं चावडीतल्या माणसाला रोज बजावणारी नोटीस.

मला वाटलं वहिनी कंटाळल्या. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मग कारभार कोण बघत हुतं?"

"त्यांच्या मातोश्री," काकूसाहेब म्हणाल्या. "वसुली, पाटाचं पाणी, बांधावरची भांडणं, सगळं आईसाहेबच."

"त्यांचं चित्र कुठं हाय?"

"नाही. कुणी काढलंच नाही."

वहिनींनी पदर सारखा केला आणि पुन्हा त्या घोड्याकडे बघत राहिल्या. निघताना काकूसाहेबांनी कोकम सरबत दिलं. देणगीची पेटी दाराशी आहे, टाका काहीतरी, छत गळतंय त्यांचं.

साताऱ्याहून कराड, तिथून पुढे पेठ नाक्याला डावीकडे आष्ट्याचा रस्ता. हा रस्ता कधी उखडलेला, कधी नवा, तुम्ही जाल तेव्हा नशिबात असेल तो मिळेल. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, ओव्हरटेक जपून करा. आणि फ्लेक्स बघा. एरवी मी ते बघत नाही, आता बघायचं सोडवेना. भावी आमदार, ज्यांना स्वतःच्या सोसायटीत कुणी विचारत नाही, मागे वाघाची सावली, खालून काढलेला फोटो, बोट आभाळाकडे. खाली इंचाइंचाचे चेहरे, शुभेच्छुक. काही बदललेलं नाही, फक्त तैलरंग जाऊन प्लास्टिक आलं. वहिनी एकेक फ्लेक्स मान वळवून बघत होत्या.

गावात पोचलो तर पडवीत भावकी जमलेली. रात्रीचं जेवण काय सांगू, आमटी, खपली गव्हाच्या पोळ्या आणि वर काकवी. पण जेवणाआधी दादानं मोबाईलवर डिझाईन दाखवलं आणि मला हसावं की रडावं कळेना. मधोमध फेटा बांधलेला दादा, गॉगल लावून. मागे पांढरा घोडा, पाय हवेत. खाली तीन ओळींत चुलते, चुलतभाऊ, आत्याचे मालक. उजव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढ्या, लग्नातल्या मुंडावळ्यांसकट वहिनी. उमेदवार त्या.

मी म्हटलं, अरे दादा, निवडणूक तुझी आहे की हिची? दादा चिडला नाही. त्यानं मला समजावून सांगितलं, आणि त्याची बाजू अगदीच फुसकी नाही. आमच्याकडे फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांचा मान लग्नातल्या मानपानापेक्षा मोठा. कोण वरच्या ओळीत, कोणाचा फोटो कोणाएवढा, यावर लोक बोलायचे बंद होतात. शेजारच्या गावात एका थोरल्या चुलत्याला दुसऱ्या ओळीत टाकला तर सगळी आळी विरोधात गेली. पडवीत त्याच वेळी कुणाला कुणाच्या शेजारी नको यावर घोळ चालला होता. वहिनी चहाचे कप उचलत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि मला त्या सगळ्यांचा असा राग आला की पेढ्यांचा उरलेला बॉक्स मी बाहेर काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दादाकडे ऊसतोडीची टोळी आली. त्यानं डिझाईनचा पेनड्राइव्ह वहिनींच्या हातात दिला, वन्संची गाडी हायच, सांगलीत जाऊन छापायला टाक म्हणाला.

सांगलीत गणपतीचं दर्शन घेतलं, भेळ खाल्ली. खा, पण तिखट सांगून घ्या. मग फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्यानं डिझाईन उघडलं, घोडा अजून उजळ करू का विचारलं. वहिनी म्हणाल्या, घोडा काढा. त्याला वाटलं वाघ पाहिजे. मग त्यांनी आपला मोबाईल पुढे केला. टाकीपाशी काढलेला फोटो, रोजची साडी, पाय चिखलात, हात व्हॉल्व्हच्या चाकावर, कपाळावर घाम. हा मधी घ्या म्हणाल्या, आणि खालच्या ओळी सगळ्या काढा.

फ्लेक्सवाल्यानं माउस सोडून दिला. तो म्हणाला, वहिनी, विचार करा, भावकी नाराज झाली तर मतं जातील. मी मध्ये बोलले नाही, बोलायचा हक्कच नव्हता, मी दुसऱ्या दिवशी पुण्याला जाणार होते. वहिनींनी तिथूनच दादाला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. दादा म्हणाला, "पडशील."

"पडू द्या," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दादाचा फोटो ठेवायचा का, असं फ्लेक्सवाल्यानं चाचरत विचारलं. ठेवा की, मालक हाय माझा, खाली कोपऱ्यात. केवढा? "माझा आत्तापतूर असायचा तेवढा." तिथं आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

परतीला सकाळी निघालात तर जेवायला पुणे गाठता येतं. भडंग दोन प्रकारचं घ्या, लसणाचं आधी संपतं. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, राजे कसे होते? मी म्हटलं, चित्रकार चांगला होता. जाऊन बघा, घराणं मनानं मोठं आहे. फक्त चित्रात कोण आहे ते बघून झालं की कोण नाही तेही विचारा.

निवडणुकीच्या निकालादिवशी मी ऑफिसात सारखा फोन बघत होते. दुपारनंतर वहिनींचाच आला. पडल्या, थोडक्या मतांनी. वरच्या आळीनं भरभरून दिली, भावकीतली दोन घरं फिरली. त्या फ्लेक्सपायी पडलात हो, मी तरी तेव्हा अडवायला हवं होतं, असं काहीतरी मी बडबडले. खरंच वाईट वाटत होतं.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "वन्सं, मागल्या बारीला गुलाल ह्यांच्या अंगावर पडला. मिरवणूक ह्यांची निघाली, मी आत भाकरी थापत हुते. कोण निवडून आलं ते मला कवा कळलंच न्हाई. ह्या बारीला मी पडले. मी."