उभ्या पऱ्हाटीतून गाडी

हे मी अजून कुणाजवळ काढलं नाही. पोरांजवळ नाही, पारावर नाही. दोन-तीनदा ओठांपर्यंत आलं होतं — गिळलं. तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून सांगतो असं समजा. किंवा आता गिळणं जमत नाही म्हणून.

गावात कुणालाही विचारा, रशीद मिस्त्रीनं मला कसा दगा दिला ते सांगतील. माझ्याच तोंडून ऐकलंय त्यांनी. तीस वर्षांची दोस्ती, आणि ऐन वेळी पाठ फिरवली — असं मी सांगतो. गळा भरून येतो माझा. खोटं सांगताना गळा कसा भरून येतो हो? पण येतो.

माझी जुनी पेट्रोलची जीप आहे. तिचा एकूण एक नटबोल्ट रशीदच्या हातून गेलेला. पिंपळगाव राजाच्या फाट्यावर त्याचं टिनाचं दुकान होतं. जुन्या जीपवाल्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपात मला त्यानंच घातलं. मी चौथी शिकलेला. वाचता येतं, लिहायला बोटं चालत नाहीत, म्हणून बोलून पाठवायचो. पुण्या-नागपूरचे लोक विचारायचे, आबा, गाडी गरम होते, काय करू? मी रशीदला विचारायचो आणि माझ्या आवाजात सांगायचो. नाव माझं व्हायचं. रशीद हसायचा. "घ्या भाऊ, तुमी तं प्रोफेसर झाले."

हे सांगायचं होतं का? नाही. हे तर त्याला चालत होतं.

बोंडअळीचं साल होतं. कपाशीच्या या बियाण्याला अळी लागतच नाही, असं ऐकून आम्ही पेरलं होतं. बोंड वरून साजरं, फोडलं की आत गुलाबी अळी. लोकांनी उभ्या पिकात ढोरं सोडली. त्याच दिवसांत टीव्हीवरच्या गाड्यांच्या कार्यक्रमात एक नवी उंच गाडी दाखवली. कुणाच्या तरी शेतात, उभ्या पऱ्हाटीतून सरळ नेली. कपाशीची झाडं मोडून राहिली आणि आत बसलेला माणूस हसून सांगतोय, जरासुद्धा धक्का बसत नाही. ग्रुपात वाहवा सुरू. कुणी म्हणे सस्पेन्शन भारी, कुणी म्हणे आपली जुनी जीप अडकली असती. दिवसभर तेच. पऱ्हाटी एकालाही दिसली नाही.

मी रशीदच्या दुकानात बसलो होतो. माझा मोबाइल घरी चार्जिंगला. म्हटलं, तुझ्यावरून लिही. शब्द माझे, बोट त्याचं. मी सांगत गेलो — हे पीक आहे, रस्ता नाही. असल्याच गाडीत बसून पुढारी येतो, बांधावर काच खाली करून अळी पाहतो आणि जातो. गाडी घालणारे, टाळ्या वाजवणारे, त्या पुढाऱ्याला मत देणारे — सगळे सारखेच.

रशीद थांबला. "भाऊ, हे माह्या नावानं जाईन."

"जाऊ दे ना बे. मी आहो ना."

मी आहो ना.

सांजेपर्यंत ग्रुप पेटला. कुणी लिहिलं, पान्हे फिरव, राजकारण शिकवू नको. कुणी लिहिलं, शेती तरी आहे का तुझी? मग त्याच्या धर्मावर गेले. रशीदनं माझं नाव घेतलं नाही. तो कशाची वाट पाहत होता, मला माहीत होतं. शेवटी ग्रुप चालवणाऱ्यानं मलाच विचारलं — आबा, तुम्ही कापूसवाले, तुम्हीच सांगा.

ते शब्द माझे. एवढंच बोलायचं होतं. जड होतं का?

पण येत्या रविवारी ते सगळे आपापल्या जीपा घेऊन माझ्या दारी येणार होते, माझी जीप पाहायला. सरपंचाला बोलावून झालं होतं. मांडवाचं सांगून झालं होतं. मी बटण दाबलं आणि बोललो, "असं राजकारण ग्रुपात नको. रशीदनं चूक केली." आवाज कापलासुद्धा नाही. ग्रुप चालवणाऱ्यानं त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं.

दुसऱ्या सकाळी तो आला. माझं घर शेतात, मी एकटाच होतो. रविवारसाठी कबूल केल्याप्रमाणे त्यानं कार्बोरेटर खोलला, साफ केला, बसवला. मी समोर खाटेवर. शिवी देईल म्हणून वाट पाहत होतो. दिली असती तर बरं झालं असतं. हात पुसून एवढंच म्हणाला, "चोक जास्त ओढू नका. लगेच सुरू व्हते."

रविवारी ती लगेच सुरू झाली. पाहुण्यांनी विचारलं, इतकं साजरं इंजिन कुणी केलं? मी म्हटलं, मीच.

तो परत आला नाही. लोक विचारू लागले, काऊन येत नाही रशीद? तेव्हा मी दगा रचला — पाहुणे येणार म्हणून बोलावलं तर आलाच नाही, गाडीला हातही लावला नाही. लोकांनी मानलं. त्याच्याकडे गाड्या नेणं सोडलं. वर्षाच्या आत टिनाला कुलूप. आता या वयात तो नांदुऱ्याला दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला जातो. पारावर लोक मला धीर देत, आबा, त्या लोकांवर भरवसा ठेवूच नये. 'त्या लोकांवर' म्हणत. मी मान हलवायचो.

पऱ्हाटी मोडताना पाहून माझं काळीज जळलं, ते खरं होतं. ते शब्द माझे होते, रशीदचे नव्हते. आणि त्या सकाळी तो आला होता. कार्बोरेटर त्यानंच बसवला.