लिफ्ट अकरा ते चार बंद

आमच्या वसाहतीची लिफ्ट दुपारी अकरा ते चार बंद ठेवावी, ही सूचना माझी. ती लिहिताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

मी इथल्या पालिकेच्या एका कार्यालयात विजेचं काम बघते. शहराचा धूर कमी करायचा, वीज वाचवायची असं ठरलं तेव्हा रस्त्यावरचे दिवे बदलून झाले, पाण्याचे जुने पंप बदलले. मग कर्मचाऱ्यांच्या इमारतींवर नजर गेली. येलहंक्याची आमची वसाहत नमुना म्हणून निवडली, कारण मी तिथेच राहते, मोजमाप घेणं सोपं. पंधरा दिवस मी लिफ्टच्या मीटरची तासातासाची नोंद ठेवली. दुपारी लिफ्ट जवळजवळ हललीच नाही. माझ्या कागदावरून हाच आदेश इतर वसाहतींनाही गेला.

ते पंधरा दिवस पितृपक्षाचे होते. हे लिहायलाही लाज वाटते, कारण त्यातच एक दिवस रजा टाकून मी वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक केला होता. एरवी आठवड्यातून चार दिवस आई साडेअकराला खाली उतरते, मागच्या गल्लीतल्या भजनी मंडळात जाते आणि दोनच्या सुमारास परत येते. पितृपक्षात प्रत्येकीच्या घरी कुणाची ना कुणाची तिथी, त्यामुळे मंडळ बंद. आई घरात होती म्हणून लिफ्ट उभी होती, आणि माझ्यासारख्या शहाणीने त्यावरून नियम काढला.

आम्ही चौथ्या मजल्यावर, आणि आईचे दोन्ही गुडघे गेलेले. याच शहरातलं शिवाजीनगर सोडून इकडे येलहंक्याला आल्यापासून मंडळातल्या आठ-दहा बायका हेच तिचं माहेर. कानडी तिला उत्तम येते, पण मनातलं बोलायला तिला मराठीच लागते, आणि मी तर दिवसभर घराबाहेर.

लिफ्टवर कागद चिकटला तेव्हा ती नुसतं "सरी", म्हणजे बरं, म्हणाली. "पावणेअकरालाच उतरेन. परत आले की वॉचमन अण्णाच्या खुर्चीवर स्वल्प बसेन. चार काय, वाजतातच."

मला सुटल्यासारखं वाटलं. दोन महिने तसंच चाललं. एका संध्याकाळी तिला चक्कर आली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?" आई माझ्याकडे बघायला लागली.

खाली बायकांसाठी बाथरूम नाही. म्हणून मंडळाच्या दिवशी ती सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नव्हती.

"मग खाली बसून कुठे जाऊ गं?" ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने मंडळ सोडलं.

मी साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, तेच तर दुखणं. "इमारत तुमची, आई तुमची. आदेश मागे घेतला तर लोक काय म्हणतील, मॅडम?" माझी नोंद चुकीच्या पंधरवड्यातली होती, असं मी लेखी दिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दुपारच्या वापराची नव्याने नोंद सादर करावी. बंद लिफ्टचा वापर मोजायचा! कुणी आवाज चढवत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं, फक्त प्रत्येक कागद माझ्याच कागदाकडे बोट दाखवत होता. घरी आई खिडकीशी, कचेरीत मी टेबलाशी.

शेवटी भांडून पंधरा दिवस मिळवले. तेवढे दिवस दुपारी लिफ्ट चालू राहणार, वापर दिसला तर आदेश बदलणार. नुसतं आपणच खाली-वर करत राहावं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पण एक खोटी नोंद अजाणता करून झाली होती, जाणूनबुजून दुसरी होईना. आईने पूर्वीसारखं जायला हवं होतं, बस्स.

पहिल्या दिवशी मी रजा घेतली. तिची साडी काढून दिली, मंडळात निरोप धाडला. साडेअकराला लिफ्ट वर बोलावली आणि दारात आडवी उभी राहिले. आई चपला घालून बाहेर आली, आणि थांबली.

"चल ना. सगळ्या वाट बघतायत."

"पंधरा दिवस जाईन. मग पुन्हा बंद केली तर?"

"नाही करणार."

"ते तुझ्या हातात आहे का?"

नव्हतं.

"आत्ता कुठे घरात मन लागायला लागलंय," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून नाही जमायचं मला."

मी चिडले, मग विनवण्या केल्या. लिफ्टचं दार मिटायला यायचं, माझ्या खांद्याला लागून मागे जायचं. आईने चपला काढल्या, भिंतीला धरून आत वळली.

"दार सोड गं," ती म्हणाली. "उगाच करंट वाया जातोय."