रिजेक्ट केलेलं सनरूफ

नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात मी एकोणतीस वर्षं तपासणी विभागात काढली. मशीनवरून आलेला भाग हातात घ्यायचा, दिव्याखाली तिरका धरायचा आणि शेरा मारायचा: ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट. केसाएवढी चीर माझ्या नजरेतून सुटायची नाही. ही बढाई नाही, त्या विभागात कुणालाही विचारा. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. भाजीवालीची वांगी आणि मुलाला सांगून आलेली स्थळं, सगळ्यांना मी हेच तीन शेरे देत आले. त्यामुळे घरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा तिचं कोणतं मॉडेल घ्यायचं हे कोण ठरवणार, असा प्रश्नच आला नाही.

चालवणार मात्र आमचे हे. मी गाडी शिकलेच नाही. शेजारी बसून सूचना देणं मला पुरतं. ह्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये झाली. निवृत्तीनंतर ह्यांचा दिवस गाडीवरच उभा होता. दिंडोरीला माझ्या नणंदेकडे जायचं, सोसायटीतल्या कुणाला दवाखान्यात पोहोचवायचं, कुणाची आई गावाहून आली की स्टँडवरून आणायचं. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत ह्यांना नावानं कमी आणि "काका, गाडी काढता का?" असंच जास्त बोलावतात. ह्यांना ते आवडतं.

पण गेल्या वर्षी आमची जुनी गाडी मागे घेताना पार्किंगच्या खांबाला दोनदा घासली. मुलगा पुण्याला असतो. तो आला, ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाबा, नवी गाडी जरूर घ्या. पण तिला एक जरी ओरखडा आला, तर किल्ली माझ्याकडे. मग आपण ड्रायव्हर ठेवू." हे हसले, पण त्या रात्री पानातली भाकरी अर्धी राहिली. किल्ली गेली तर ह्या माणसाचं काय होईल, याची मला खरोखर धास्ती वाटली.

त्याच्या आधी ह्यांना मानेचा त्रास झाला होता. महिनाभर पट्टा लावला, मग पट्टा कपाटात गेला आणि "मान आता ठणठणीत आहे" असं ह्यांनी जाहीर केलं. मी विश्वास ठेवला.

गाडीसाठी मी चार रकान्यांचा कागद केला. बेस, मधलं आणि टॉप अशी तीन मॉडेलं, आणि चौथ्या रकान्यात माझा शेरा. मोठी बॅटरी ओके, कारण ठाण्याला जाऊन कसारा घाट चढून परत यायचं तर वाटेत जीव टांगणीला नको. गार हवा सोडणारी सीट रिजेक्ट. नाशिकला आपण हिवाळ्यात कानटोप्या घालतो. दारातून झिरपणारा निळा-जांभळा उजेड रिजेक्ट. आपल्याला गाडी घ्यायचीय, लग्नाचा मांडव नाही. सनरूफ रिजेक्ट. उन्हापासून वाचायला छप्पर असतं, त्यालाच भोक पाडण्यासाठी जादा पैसे मोजणारी मी नव्हे.

फक्त टॉप मॉडेलला असलेला, गाडीच्या चारही बाजू पडद्यावर दाखवणारा कॅमेरा आला, तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हा बरा आहे," हे म्हणाले. "एकलहऱ्याला बॉयलरच्या आतली ज्योत आम्ही पडद्यावरच बघायचो. कुणी आत डोकं घालून बघत नव्हतं."

"तिथे आग होती," मी म्हटलं. "इथे मागे वळून बघायला देवानं मान दिलीय की तुम्हाला!"

मी रिजेक्ट लिहिलं. ह्यांनी पेपर उघडला. दुसऱ्या दिवसापासून मात्र ह्यांनी सनरूफचा हट्ट धरला. चहाच्या वेळी सनरूफ, फिरायला गेलो की सनरूफ. "दिंडोरीच्या रस्त्याला किती छान आभाळ असतं," असं हा माणूस म्हणाला, ज्यानं आयुष्यात आभाळाबद्दल पाऊस येईल की नाही याखेरीज एक वाक्य उच्चारलं नव्हतं. सनरूफ फक्त टॉप मॉडेललाच होतं. मी मुलाला फोन करून सांगितलं, "बाबांना म्हातारपणी चळ लागलाय." आम्ही दोघं मनसोक्त हसलो. हे शेजारीच पेपर वाचत बसले होते.

शोरूममध्ये मी कागद घेऊनच गेले. तिथली मुलगी हुशार होती. माझा कागद बघून म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्याकडेच नोकरीला या." मी म्हटलं, आधी मधलं मॉडेल चालवून दाखव. हे चालवायला बसले आणि त्र्यंबक रोडवर एक फेरी झाली. गाडीचा आवाज नाही, धक्का नाही, आणि ह्यांचा चेहरा बघण्यासारखा खुलला होता. "तुमच्याच कोळशावर पळतेय," मी चिडवलं. परत आल्यावर दोन गाड्यांच्या मधे मागे घेऊन लावायची वेळ आली, तर हे उतरलेच. "तुम्हीच लावा," त्या मुलीला म्हणाले. "मला गाडीचा अंदाज नाही." मला ते शहाणपणाचं वाटलं.

मग ह्यांच्या हट्टाखातर आम्ही टॉप मॉडेलमध्ये बसलो. हे स्टिअरिंगसमोर, मी शेजारी, मुलगी मागे. तिनं बटण दाबायला सांगितलं. डोक्यावरचं आवरण सरकलं, काच सरकली आणि आत लख्ख ऊन आलं. वर निळंभोर आभाळ होतं आणि त्यात एक घार फिरत होती.

"सर, वर बघा ना!" ती मुलगी म्हणाली.

"वा," हे म्हणाले. "फारच छान."

हे वर बघतच नव्हते. डोळे तेवढे वर गेले, कपाळाला आठ्या पडल्या, पण हनुवटी होती तिथंच राहिली. दोन महिने ज्या सनरूफसाठी ह्यांनी माझं डोकं खाल्लं, ते उघडलं तरी हे समोरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र होतं.

मग एकेक आठवायला लागलं. हे बाटलीतून वरून पाणी प्यायचे, ते सोडून ग्लासला तोंड लावून प्यायला लागले होते. चला, सुधारले, असं मी म्हटलं होतं. पंखा पुसायचं काम ह्यांचं, तर गेल्या दिवाळीला त्यासाठी माणूस बोलावला. हाक मारली तर सबंध माणूस वळायचा. मी त्याला वय म्हटलं. केसाएवढी चीर पकडणारी मी, आणि वर्षभर ह्यांच्या शेजारी जेवायला बसून मला हे दिसलं नव्हतं. मला माझीच इतकी चीड आली की हातातला कागद मी पर्समध्ये कोंबला.

"ह्या गाडीचीही एक फेरी मारू," मी म्हटलं. "आणि परत आल्यावर हेच लावतील."

फेरी झाली. परत आल्यावर ह्यांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, पडद्याकडे बघितलं, दोन्ही आरशांकडे डोळे फिरवले आणि त्याच दोन गाड्यांच्या मधे एका दमात नेऊन उभी केली. खाली उतरून मी दोन्ही बाजूंचं अंतर बघितलं. सारखं होतं.

"टॉप मॉडेल," मी मुलीला सांगितलं. "मला सनरूफ पाहिजे."

"पण मॅडम, तुमच्या कागदावर तर…"

"कागद माझा आहे ना?"

जुन्या गाडीतून घरी परतताना गंगापूर नाक्याचा सिग्नल लागला. गाडी थांबल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

समोर बघतच हे म्हणाले, "पट्टा काढला तेव्हापासूनच."

"मला का नाही सांगितलं?"

"तू रिजेक्ट केलं असतंस."

सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मला रडू आवरेना, आणि हे "अगं, गंमत केली, गंमत केली" म्हणत गाडी हाकत राहिले. ती गंमत नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी अशी तशी सोडणारी नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. मान किती वळते, गाडी चालवलेली चालेल का, सगळं समोर बसून विचारलं. त्यांनी व्यायाम दिले आणि गाडी चालवायला परवानगी दिली. एवढं मात्र बजावलं की आरसे आणि कॅमेरा बघितल्याशिवाय मागे घ्यायची नाही. व्यायाम मी रोज घड्याळ लावून करून घेते. कारखान्यात खाडाखोड केली तर शेजारी सही करावी लागायची. कॅमेऱ्यापुढचं रिजेक्ट मी खोडलं, ओके लिहिलं आणि सही केली.

मुलाला फोनवर सांगितलं, सनरूफ मी घेतलं. तो अजून चिडवतो. नातेवाइकांत गोष्ट पसरली. नणंद म्हणते, वहिनींना साठीत आभाळ दिसलं. मी म्हणते, दिसलं.

दिवाळीला मुलगा आला. आम्ही तिघं दिंडोरीला निघालो. मागच्या सीटवर बसून त्यानं सनरूफ उघडायला लावलं, वर बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "बाबा, गाडी जरा बाजूला घ्या आणि वर बघा ना. काय भारी दिसतंय!"

ह्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झालेले मला दिसले.

"त्यांना नको सांगूस," मी म्हटलं. "त्यांचं काम रस्त्याकडे बघायचं. सनरूफ माझं आहे."

मी मान मागे टाकली आणि वर काय काय आहे ते ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत राहिले, पार दिंडोरी येईपर्यंत.