न विचारता चालायची वाट

बेरिल स्लॅक ही आमच्या पेलबी गावातली सगळ्यात उद्धट बाई. हे मी तिच्या माघारी बोलतोय, कारण आमच्या गावात तोंडावर काही बोलायची पद्धतच नाही. दाराला धडकलो तर दाराची माफी मागणारी माणसं आम्ही. त्यात ही बाई. 'प्लीज' आणि 'थँक यू' हे शब्द तिनं दुकानात मीठ घेतानासुद्धा फार जपून वापरले.

गावाच्या डोक्यावर पेलबी हॉल आहे. फार पूर्वी तिथल्या लॉर्डसाहेबांना खिडकीतून आमची घरं दिसायची आणि त्यांचा चहा कडू व्हायचा, म्हणून त्यांनी अख्खं गावच उचलून टेकडीपलीकडे नेऊन टाकलं. चर्च मात्र हलवता आलं नाही, तिथे देवाचा मामला होता. तेव्हापासून आमचे मेलेले साहेबांच्या बागेत आणि जिवंत आम्ही बाहेर. दोघांना जोडणारी एक पाऊलवाट हॉलच्या खिडक्यांखालून जाते.

साहेबांचे वारस कर भरता भरता संपले आणि हॉलनं एकेक सोंग घ्यायला सुरुवात केली. युद्धात जखमी अधिकाऱ्यांचं इस्पितळ झालं. मग मुलींचं वसतिगृह असलेली शाळा, जिथे श्रीमंत बाप आपल्या लेकींना थंडीत कुडकुडायला पाठवत. मग एका विमा कंपनीचं प्रशिक्षण केंद्र. टाय लावलेले पुरुष हिरवळीवर एकमेकांना चेंडू फेकत विश्वास वाढवायचे. आणि आता लग्नाचं हॉटेल, चिखलस्नानाच्या सोयीसकट. ज्या चिखलात आमच्या आज्यांनी साहेबांचे बटाटे काढले, तोच लोक आता हौसेनं अंगाला फासून घेतात.

प्रत्येक वेळी मालक बदलला की गाव केक घेऊन हॉलवर जायचं. "आम्ही वाटेनं चर्चला गेलो तर चालेल ना?" मालक म्हणायचा, "अहो, खुशाल जा!" आणि केकवाले भरून पावल्यासारखे परत यायचे. बेरिल कधीच गेली नाही.

"अगं, विचारायला काय जातं?" पोस्टातल्या मुरियलनं एकदा तिला म्हटलं.

"माझ्या आईनं त्या घरात भांडी घासली," बेरिल म्हणाली. "साहेब जिन्यात दिसले की तिनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियम होता. आमच्या घराण्याचं विचारून झालंय. तू केक खा."

आम्ही चौघं चर्चच्या घंटा ओढणारे, आणि बेरिल आमची म्होरकी. दर रविवारी ती पुढे, आम्ही मागे. हॉलच्या दाराशी मी टोपी काढायला गेलो की ती ओरडायची, "टोपी डोक्यावर ठेव रे, घंटेला उशीर होतोय!" इतर दिवशी ती एकटी जायची, नवऱ्याच्या थडग्यावर. सिरिल जिवंत असताना त्याच्याशी ती कधी धड बोलली नाही, आता मात्र तासतास बोलत बसायची. त्याच्याबद्दलच तक्रारी करायची, पण आवाज मऊ असायचा.

मग हॉटेलनं वाटेवर फाटक बसवून कुलूप ठोकलं. नवरीच्या फोटोत मागे हिरवळ, हंस आणि पिशवी घेतलेली बेरिल यायची म्हणे. व्यवस्थापक मिस्टर पेनफोल्ड अतिशय हळहळले. रस्त्यानं वळसा घालून चर्चला जाता येतं, असं त्यांनी सुचवलं. ते स्वतः मोटारीनं जाऊन बघून आले होते. बेरिलचं कंबरेचं हाड तोवर कुरकुरायला लागलं होतं. तो वळसा तिला जमणार नव्हता. म्हणजे सिरिलकडे जायचं ते एकदाच, आडवं होऊन.

गाव पेटून उठलं, म्हणजे आम्ही एक समिती नेमली. गावच्या सभागृहात सरकारी निरीक्षक चौकशीला आले. कायदा सरळ आहे: लोक वीस वर्षं उघडपणे, भांडणतंटा न करता आणि कुणाची परवानगी न घेता चालले, तर वाट लोकांची. परवानगी घेतली असेल, तर ती मालकाची मेहेरबानी, वाटेल तेव्हा बंद.

हॉटेलचे वकील मुरियलला म्हणाले, "तुम्ही न विचारता परक्याच्या बागेत घुसायचा का हो?"

"इश्श! मी काय रानटी आहे?" मुरियल लाल झाली. "प्रत्येक मालकाला विचारलंय. केक नेलाय!"

गावातले निवृत्त कर्नल साहेब तर उभेच राहिले. "मी दर नाताळला आभाराचं कार्ड पाठवतो." एकामागून एक गावानं आपली सभ्यता सिद्ध केली आणि वाट घालवली. वकील प्रत्येकाला वाकून धन्यवाद देत होते, आणि आमचे लोक "छे छे, त्यात काय" म्हणत खाली बसत होते.

मग काठी टेकत बेरिल आली.

"मिसेस स्लॅक, आपण परवानगी घेतली होती?"

"कुणाची?"

"मालकांची."

"आमच्या वाटेवर चालायला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"निदान एखादे वेळी आभार तरी..."

"कशाबद्दल? त्यांच्या खिडक्या बघितल्याबद्दल?"

निरीक्षकांनी विचारलं, आणखी कोणी असं गेलंय का. आम्ही चौघं घंटावाले शरमेनं उठलो. "विचारायचं मनात होतं, साहेब," मी म्हणालो, "पण हिनं कधी थांबूच दिलं नाही."

वीसहून जास्त वर्षं न विचारता चाललेली पाच माणसं कायद्याला पुरली. आम्ही जिंकलो. फाटक निघालं त्या दिवशी मिस्टर पेनफोल्ड हसत पुढे आले. "मिसेस स्लॅक, आपलं इथे नेहमीच स्वागत आहे."

"स्वागत राहू दे, बाजूला हो," ती म्हणाली आणि सिरिलकडे गेली. मला तेव्हा ती फार आवडली. सांगायचं राहूनच गेलं; आमच्यात तसं सांगत नाहीत.

दोन हिवाळ्यांनी बेरिल गेली. तिला आम्ही खांद्यावरून त्याच वाटेनं नेलं. हॉलपाशी मिस्टर पेनफोल्ड काळा कोट घालून उभे होते. हात पसरून, अगदी मनापासून म्हणाले, "या, या. आमची पूर्ण परवानगी आहे."

माझ्या शेजारी चालणाऱ्या आमच्या पाद्रीबुवांनी सवयीनं आभार मानायला तोंड उघडलं. आता मानले असते तरी कायद्यानं काही बिघडलं नसतं. पण बेरिलचा भार माझ्या खांद्यावर होता. मी सगळं वजन देऊन त्यांच्या पायावर पाय दिला.

पाद्रीबुवा कळवळले आणि मलाच "सॉरी" म्हणाले. पेनफोल्डचे आभार मानायचे राहूनच गेले, आणि आम्ही न थांबता पुढे निघालो.