आत्याच्या पायासाठी दोन फूट जागा

"हे शरीर तुझं न्हाई, देवानं वापरायला दिलंय. नीट वापर आन् सगळं परत कर." मी तेरा वर्षांची असताना, माझ्या जाड्या नाकावरून आरशासमोर रडत होते, तेव्हा आत्या हे म्हणाली होती. नाक मी जपलं. आता प्रश्न तिच्या पायाचा होता.

मधुमेहानं पाय काळा पडलेला. गुडघ्याखाली कापला नाही तर आत्या जाईल, असं डॉक्टर म्हणाले. आत्या सही करेना, देवाला सगळं परत करायचंय म्हणे. मी ब्लॉग लिहिते म्हणजे मला समजावता येतं, अशा भोळ्या समजुतीनं घरच्यांनी मलाच तिच्याकडे सांगलीच्या दवाखान्यात धाडलं.

साताऱ्याहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. हाडं मात्र पूर्ण खिळखिळी करून मिळतात. कराडकडचं रस्त्याचं काम आपल्या नातवंडांनाही पाहायला मिळेल, तेव्हा घाई नको. पेठ नाक्यावर चहा बरा, वडा फक्त श्रद्धावंतांनी घ्यावा. सांगलीत रिक्षा हळदीच्या पेठेतून गेली तर शिंका मोफत.

आत्या चाळीस वर्षं नर्स होती. शरीर म्हणजे पवित्र आत्म्याचं मंदिर, हे आम्हा भाच्यांना तिनंच शिकवलं आणि स्वतःच्या मंदिराला रोज गुळाचा नैवेद्य दाखवला. दवाखान्यातही उशीखाली खडा सापडलाच.

मी विचारलं, शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवणाऱ्या प्रभूला एक पाय जोडता येणार नाही का?

"येईल की गं. पन कापलेला पाय कुठं जातो, मला ठावं हाय. म्याच टाकलेत पिवळ्या पिशवीत. त्याला कचऱ्यात हात घालायला लावू व्हय?"

मी तिचा तो गार पाय चेपत बसले. मग तिनं अट घातली: पाय साताऱ्याला, आजी-आजोबांच्या कबरीशेजारी पुरायचा. तरच सही. दवाखाना पाय द्यायला तयार आहे, ऑपरेशन सोमवारी.

येताना भडंग घेतलं. घरी पोचल्यावरही तळहातातला गारवा गेला नाही.

आपल्या दफनभूमी कमिटीच्या सेक्रेटरीकाकांनी परवाच कबरींजवळ बाकडं ठेवायचा अर्ज 'नियमात नाही' म्हणून परत केला. पायाचा नियम तर त्यांच्या वहीत नसणारच. तरी काका, तुम्ही हा ब्लॉग चुका काढायला वाचता, म्हणून इथंच विचारते: सोमवारच्या आत दोन फूट जागा द्याल? बाकीची आत्या नंतर येईल. जितकी उशिरा येईल तितकं बरं.